कायशुद्धी म्हणण्याआधी

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. नवरा तर आल्यागेल्यासमोर म्हणतो. खोटं नाही ते. शाळेत तास घेताना मी वर्गभर फिरते, फोनवर बोलताना अंगणात फेऱ्या घालते, आणि दवाखान्याच्या बाकावर तर मला क्षणभर बसवत नाही. त्यामुळे हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मी ते बरेच महिने अंगावर काढलं. दात घासताना थुंकी तांबडी दिसायची, मी वरून पाणी ओतायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. पेरूच्या फोडीवर डाग पडला तर तेवढा भाग कापून बाकीची खायचे. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर मी आरडाओरडा करून घर डोक्यावर घेतलं असतं.

आमचं गाव निपाणी आणि चिकोडीच्या मधलं. जैनांची घरं पुष्कळ. घरचा ऊस आहे, थोडी तंबाखू आहे, नवऱ्याचं निपाणीत अडत दुकान आहे आणि मी हायस्कूलला मराठी शिकवते. मुलगी पुण्याला गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

त्या वर्षी आमच्या गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला. ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे मुनी दिवसातून एकदाच जेवतात, उभ्यानं, स्वतःच्या ओंजळीत. सकाळी ते बस्तीतून, म्हणजे आमच्या देवळातून, बाहेर पडतात. घरोघरी माणसं हातात कलश घेऊन दारात उभी असतात. महाराजांनी त्या दिवसापुरता मनात काहीतरी नियम धरलेला असतो, तो जिथं जुळेल त्या दारात ते थांबतात. थांबले की घरच्यांनी म्हणायचं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. मग त्यांना आत न्यायचं आणि आपल्या हातानं एकेक घास त्यांच्या ओंजळीत द्यायचा. पण घासात केस निघाला, किडा दिसला किंवा कुठं रक्त दिसलं, की अंतराय झाला. ओंजळ सुटते, जेवण तिथंच थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

ज्याच्या अंगातून रक्त येतंय त्यानं आहार द्यायचा नाही. हे आमच्यात बायकांना शिकवावं लागत नाही. माझ्या लग्नानंतर आमच्या दारात महाराज थांबले ते मोजक्याच वेळा, आणि एकदाही मी दारात नव्हते. एकदा बाळंतीण होते, एकदा पाळी आलेली म्हणून बाजूला बसलेले, आणि एकदा परीक्षेच्या ड्यूटीवर सदलग्याला. पाळीची वर्षं संपली तेव्हा बाकीच्या बायका गुडघ्यांचं आणि घामाचं रडगाणं गात होत्या. मला मात्र मनातून बरं वाटलं. आता महाराज कधीही येऊ देत, मी दारात उभी राहू शकते, असं मी स्वतःशी म्हटलं होतं. आणि आता हे तोंडातलं सुरू झालं.

सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. एकदा मी चूळ टाकताना त्या मागं उभ्या होत्या.

"तोंडातनं रगत येतंय, आन् कायशुद्धी म्हणणार व्हय गं तू?" त्या म्हणाल्या.

मला राग आला, कारण त्या बरोबर बोलत होत्या. मला एकदा, एकदाच, स्वतःच्या हातानं महाराजांना जेवू घालायचं होतं. त्याच्याशिवाय मी देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

पेपर तपासायला बेळगावला गेले होते तेव्हा बसच्या खिडकीतून एक बोर्ड दिसला. लेझरने हिरड्यांवर उपचार, रक्तस्राव नाही. मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि चालत मागं आले. रक्तस्राव नाही, एवढे दोन शब्द वाचून माझं काम झालं असंच मला वाटत होतं.

डॉक्टर तरुण पोरगी होती. तिच्या वडिलांची बेळगुंदीला शेती. बेळगावकडच्या बायका बोलताना मी येतो, मी जातो म्हणतात, तशीच हीसुद्धा. तिनं एका बारीक खुणांच्या सळईनं प्रत्येक दाताजवळ हिरडी किती खोल सुटलीय ते मोजलं. ती आकडे कानडीत सांगत होती आणि तिची मदतनीस लिहून घेत होती. मला कानडी येतं हे तिला माहीत नव्हतं. आकडे मोठे होत चालले तसा माझा पाय हलायला लागला.

"लेझर करून टाका," मी म्हटलं. "मला शाळेत परत जायचंय."

ती हसली. "काकू, लेझर म्हणजे ताटातलं लोणचं हाय. आधी भात-आमटी तर वाढू दे की मला."

मग तिनं समजावून सांगितलं. दाताच्या मुळाशी दगडासारखा थर बसलाय, त्यानं हिरडी दातापासून सुटलीय आणि मधे खिसा तयार झालाय. तो थर आधी अवजारानं खरवडून काढायचा. मुख्य इलाज तोच. त्यानंतर त्या खिशात लेझरची बारीक तार फिरवली, तर उरलेले जंतू कमी व्हायला आणि सूज उतरायला मदत होते.

"काहींना लई फरक पडतोय," ती म्हणाली. "काहींना नुसत्या सफाईनंच तेवढा पडतोय. मी खोटं सांगणार न्हाय. आणि घरी नीट घासला न्हाईसा, तर दोन्ही पाण्यात."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण डोक्यात घेतलं नाही. मला कधी सुरू करता एवढंच विचारायचं होतं.

खुर्चीत पडून राहणं हा माझ्यासाठी खरा इलाज होता, बाकी सगळं सोपं. तोंड बधिर, कानात अवजाराची घरघर, आणि मी पायाची बोटं हलवत बसलेली. "काकू, पाय हलवू नका," ती म्हणायची. "तुमचा पाय हलला की जबडा हलतोय." एका बाजूची सफाई झाली, मग दुसऱ्या बाजूची, आणि मग लेझर. माझ्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला, तिच्याही डोळ्यांवर तसाच. यंत्र टिकटिक करत होतं. दूध उतू जाऊन शेगडीवर करपलं की येतो तसा थोडासा वास आला. मी मनात णमोकार मंत्र म्हणत होते आणि मधेच विसरत होते.

आणि रक्त थांबलं. काही दिवस गेले आणि एका सकाळी चूळ टाकली तर पाणी पांढरं स्वच्छ. मी नवऱ्याला हाक मारून बेसिनपाशी बोलावलं.

"सकाळ सकाळी थुकी बघायला बोलवतीस व्हय गं?" तो म्हणाला. पण त्यानं वाकून पाहिलं, आणि त्यालाही बरं वाटलं हे मला दिसलं.

चातुर्मास लागला. महाराज आले. आमच्या घरात शोध पाळायला सुरुवात झाली, म्हणजे वेगळी भांडी, गाळलेलं पाणी, धुऊन वेगळी वाळवलेली साडी. आहार देणाऱ्यानं बाजारचं काही तोंडात घालायचं नाही. सासूबाईंनी टूथपेस्ट बाहेर काढली. तिच्यात हाडांची भुकटी असते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पेस्टच्या पाठोपाठ ब्रशही गेला.

"डुकराच्या केसाचा असतोय त्यो," त्या म्हणाल्या. "आन् त्या तोंडानं शुद्धी म्हणायची?"

दुसऱ्या वेळी मी भांडले असते. या वेळी माझी ब्रश सोडायला हरकतच नव्हती. ब्रश लागला की रक्त येतं, हे मी इतके महिने बघितलेलं. मग लावायचाच कशाला? आणि जंतू तर लेझरनं मारलेतच. मी बोटानं मीठ लावायला लागले, तेही हळूच, हिरडीला धक्का न लावता. आमच्या गल्लीतल्या आणखी तिघी-चौघी बायकांनी तसंच केलं होतं. चातुर्मासात जितकं सोडाल तितकं पुण्य, असा आमचा सगळ्यांचा हिशेब.

रोज सकाळी आम्ही दारात उभे राहायचो. महाराज गल्लीच्या टोकाला दिसायचे, उजवा हात खांद्यावर, नजर जमिनीवर. हळूहळू यायचे आणि पुढं जायचे. कधी समोरच्यांकडे, कधी पाटलांच्या गल्लीत. कलश धरून माझे हात भरून यायचे आणि मी या पायावरून त्या पायावर भार टाकत राहायचे.

"उभी ऱ्हा की जरा नीट," नवरा कुजबुजायचा. "म्हाराजांना वाटंल, हिला बस गाठायची हाय."

वाट बघणं मला येत नाही. कधी जमलंच नाही. महाराज पुढं गेले की मी कलश ठेवून अशी काही वेगानं शाळेला निघायचे, की सासूबाई मागून ओरडायच्या, अगं पडशील.

मग एका दुपारी शाळेत डबा खाताना भाकरीच्या पापुद्र्यावर मला लाल ठिपका दिसला. दुसऱ्या घासालाही दिसला. मी डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी राहिले नाही, आणि संध्याकाळी बस धरून बेळगावला गेले ती डॉक्टरशी भांडायलाच. वाटेत संकेश्वरपासून वंटमुरीच्या घाटापर्यंत मी भांडणाची वाक्यं जुळवत होते.

"तुमचं लेझर फुकट गेलं," मी दारातूनच म्हटलं.

तिनं मला खुर्चीत बसवलं, आरसा आत घातला आणि बराच वेळ बघितलं. "ब्रश कधी सोडलासा काकू?"

"चातुर्मास लागल्यापासनं."

ती हसली नाही. हसली असती तर मी उठून गेले असते. "मी तवाच सांगिटलंतं की. लेझर जोडीला हाय. ज्याच्या जोडीला आणलं त्यालाच घराबाहेर काढलासा, तर ते एकटं काय करणार? रक्त येतंय तिथंच घासायला लागतंय. घासल्यानं येत न्हाय ते, न घासल्यानं येतंय."

मी पेस्टचं सांगितलं, हाडाचं सांगितलं, डुकराच्या केसाचं सांगितलं. ती म्हणाली, पेस्ट नसली तरी चालेल, गाळलेल्या पाण्यात मऊ ब्रश बुडवून घासा. आणि ब्रशचे तंतू नायलॉनचे असतात. "तुमच्या सासूबाईंना सांगा, त्यांच्या साडीत हाय तेच ह्यात हाय." तिनं पुन्हा खरवडून दिलं, पण लेझरचं यंत्र काही बाहेर काढेना. आधी घासून दाखवा, म्हणाली. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला असं परत पाठवतात का, या रागात मी घरी आले.

पण सासूबाईंना नायलॉनचं पटेना. शेवटी मी दुपारी बस्तीत गेले आणि सगळ्यांसमोर महाराजांनाच विचारलं. थोडं हसू झालं. आमच्या मुनींना दात न घासण्याचं व्रत असतं. घर सोडलं तेव्हाच त्यांनी ते सोडलेलं, केस हातानं उपटतात तसंच तेही, देहाचे लाड नकोत म्हणून. आणि मी त्यांनाच ब्रशचं विचारत होते.

महाराज हसले नाहीत. "ते व्रत माझं आहे," ते म्हणाले. "तुम्ही संसारात आहात. डॉक्टर सांगतात तसं करा." मग त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

"न्हाय महाराज. नुसतं रक्त येतंय."

"हो," ते म्हणाले. "सुरुवातीला दुखत नाही."

सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी माझा नवा ब्रश शोधाच्या पाण्यात धुतला आणि वेगळ्या तांब्यात उभा करून ठेवला.

मी घासायला लागले. सुरुवातीला रक्त येई आणि माझा धीर सुटे. तरी घासत राहिले, कारण महाराजांनी सांगितलेलं मोडायची सोय नव्हती. हळूहळू ते कमी झालं. पुढच्या खेपेला डॉक्टरनं आत बघितलं आणि स्वतःच यंत्राकडे हात केला. "आता देऊ या जोड," ती म्हणाली. त्या दिवशी माझा पाय फारसा हलला नाही. त्यानंतर माझ्या तोंडात रक्त दिसलं नाही.

आणि एका सकाळी महाराज आमच्या दारात थांबले.

काय जुळलं कोण जाणे. मी, नवरा, सासूबाई, तिघांनी एकदम प्रदक्षिणा घातली आणि म्हणायला सुरुवात केली. मनशुद्धी, वचनशुद्धी, आणि कायशुद्धी मी मोठ्यानं म्हटलं. सकाळी मी आरशासमोर दोनदा बघितलं होतं. ते खरं होतं आणि मी खरंच बोलत होते.

पाय धुतले, पूजा झाली, महाराज पाटावर उभे राहिले. नवऱ्यानं पाणी दिलं. मी तूप कालवलेला मऊ भात दिला. त्यांचा अंगठा घास तपासायचा, मग ओंजळ तोंडाकडे जायची. मी दुसरा घास दिला, तिसरा दिला. त्यांचे हात माझ्या हातांच्या इतके जवळ होते की मला त्यांच्या तळव्यावरच्या रेषा दिसत होत्या. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. मी कधी नव्हे ती एका जागी उभी होते, असं नवरा नंतर म्हणाला.

मग सासूबाईंनी खोबऱ्याचा तुकडा दिला. महाराजांनी तो चावला. पुढचा भात मी त्यांच्या ओंजळीत ठेवला, त्यांनी तोंड खाली नेलं, आणि परत वर केलं तेव्हा पांढऱ्या भातावर एक तांबडी रेघ होती.

त्यांनी ती पाहिली. ओंजळ उघडली. भात परातीत पडला.

अंतराय, असं मागून कुणीतरी म्हणालं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्यांच्या उपासाचा नव्हता. मी जिभेनं स्वतःच्या हिरड्या चाचपल्या. डावीकडे, उजवीकडे, पुढं. कुठं खारट लागलं नाही. माझं नाही. मला हायसं वाटलं.

महाराज खाली बसले. तोंड स्वच्छ केलं, मोरपिसांची पिंछी उचलून आम्हाला आशीर्वाद दिला आणि आले तसे निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते दाराबाहेर पडले आणि घरातले आणि गल्लीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी म्हटलंतं की न्हाय?" सासूबाई रडत होत्या. "त्या उजेडानं कुठं रगत थांबतंय व्हय? म्हाराज उपाशी गेले की गं!"

मी आ वासला. भरल्या घरात, शोधाच्या साडीत, मी तोंड उघडून उभी राहिले आणि नवऱ्याला खुणेनं बघ म्हटलं. त्यानं मोबाईलची बॅटरी लावून खरोखर आत बघितलं, वर, खाली, जीभ बाजूला करायला लावून.

"न्हाय अव्वा," तो त्याच्या आईला म्हणाला. "हिचं न्हाय. स्वच्छ हाय सगळं."

"मग कुणाचं?" सासूबाईंनी विचारलं. मग त्यांनी हातातल्या ताटलीतल्या खोबऱ्याकडे बघितलं आणि त्या तिथंच खाली बसल्या.

मला शाळा होती. मी गेले. मधल्या सुट्टीत मैदानाला फेऱ्या घालत मी डॉक्टरला फोन लावला. जो माणूस कधीच ब्रश करत नाही, पुढंही करणार नाही, त्याच्या हिरड्यांना लेझर करता येईल का? यंत्र घेऊन तू आमच्या बस्तीत येशील का?

"येतो की," ती लगेच म्हणाली. "पण काकू, मी करून जाईन आणि महिन्याभरानं परत हाय तसंच. जोड द्यायची म्हटलं तरी कशाला तरी द्यायला लागती की हो. तिथं द्यायची कशाला?"

मी फोन ठेवला. घंटा झाली तरी मी फेऱ्या मारतच होते.

ऊन उतरायच्या आत मी बस्तीत गेले. महाराजांच्या समोर दोन-चार माणसं होती. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बेळगावला एक डॉक्टर आहे, ती इथं यायला तयार आहे, ब्रश लावत नाहीत, नुसता प्रकाश असतो, आत खरवडताना थोडं टोचतं पण बधिर करतात, पोरगी चांगली आहे, शेतकऱ्याची आहे. माझं बोलणं संपेना.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवून नको म्हणाले, इतक्या सहज की जणू मी त्यांना बसायला सतरंजी देऊ केली होती.

"तुमचं रक्त थांबलं ना?" त्यांनी विचारलं.

"थांबलं महाराज."

"मग डॉक्टरांना सांगा, चांगलं काम केलं म्हणून."

एवढं बोलताना त्यांनी गालाला आतून जीभ लावली, हे मला दिसलं. मला फार राग आला. त्यांचा, त्या व्रताचा, डॉक्टरचा की माझा, ते मला आजही ठरवता येत नाही. उद्या सकाळपर्यंत ते पाणीसुद्धा पिणार नव्हते. आणि मी दुपारी शाळेत पोटभर जेवले होते, आणि एकाही घासाला रक्त आलं नव्हतं.